एका चार्जमध्ये किती? : जाहिरातीतल्या आकड्यांचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

आजचा विषय थोडा बाजारातला आहे, पण आपण त्याच्याकडे नेहमीप्रमाणे इतिहासाच्या वाटेनं जाणार आहोत. इलेक्ट्रिक स्कूटर. सध्या कुठल्याही शोरूमसमोरून जा, तीन वाक्यं मोठ्या अक्षरात दिसतात. एका चार्जमध्ये दीडशे किलोमीटर. प्रति किलोमीटर खर्च काही पैसे. बॅटरीला आठ वर्षं वॉरंटी. आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटाला एक छोटीशी चांदणी असते. त्या चांदणीचा खुलासा खाली, मुंगीच्या अक्षरात.

लाख-सव्वालाखाची वस्तू आहे, बहुतेकदा कर्जावर घेतलेली. रोज कामाला जायचं, मुलांना शाळेत सोडायचं ते हिच्यावरच. त्यामुळे 'दीडशे' लिहिलेलं असताना नव्वद मिळाले तर तो फक्त हिशेबातला फरक राहत नाही. संध्याकाळी घरी पोचायचं की वाटेत ढकलत न्यायचं, असा तो प्रश्न होतो. मग हा दीडशेचा आकडा येतो कुठून? कोण मोजतं? आणि तो खोटा असतो का? गंमत अशी की तो बहुतेक वेळा खोटा नसतो. तरीही तो तुमचा नसतो. हे कसं, ते समजून घ्यायला थोडं मागं जाऊ.

पेट्रोलच्या आधीची बॅटरी

आपल्याला वाटतं इलेक्ट्रिक गाडी म्हणजे कालपरवाचा शोध. पण ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या गाडीनं. २९ एप्रिल १८९९, कामिय जेनात्झी हा बेल्जियन चालक, पॅरिसजवळचा रस्ता. त्या काळात अमेरिकेतल्या शहरांत विजेच्या गाड्या चांगल्या खपत होत्या. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट नाही. आणि तेव्हाही गिऱ्हाईक हेच विचारायचं, एका चार्जमध्ये किती?

इथं दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. पहिली थॉमस एडिसनची. शिसं-आम्लाच्या जड बॅटरीला पर्याय म्हणून त्यानं निकेल-लोखंडाची बॅटरी काढली. वर्तमानपत्रांतून तिचा आधीच गाजावाजा झाला होता. १९०३च्या सुमारास ती बाजारात आली आणि काही काळातच तक्रारी सुरू झाल्या. पेट्या गळत होत्या, ताकद उतरत होती. एडिसननं उत्पादन थांबवलं, विकलेल्या बॅटऱ्या परत घेतल्या आणि पुढची काही वर्षं पुन्हा प्रयोगशाळेत घालवली. सुधारलेली बॅटरी आली ती १९०९च्या आसपास, आणि ती मात्र खरोखर टिकाऊ निघाली. म्हणजे बघा, नाव एडिसनचं असलं तरी पहिल्या खेपेचा माल कच्चा असू शकतो.

दुसरी गोष्ट डेट्रॉइट इलेक्ट्रिक या गाडीची. एका चाचणीत ही गाडी एका चार्जवर २११ मैल, म्हणजे सुमारे ३४० किलोमीटर चालली. पण गिऱ्हाइकाला भरवशाचा आकडा सांगितला जायचा ८० मैलांचा, म्हणजे साधारण १३० किलोमीटर. चाचणीत एवढं मिळूनही सांगायचं त्याच्या निम्म्याहून कमी. आज उलटं होतं. चाचणीचा आकडा मोठ्या अक्षरात आणि रोजचा आकडा, असलाच तर, तळटीपेत.

त्याच काळात हार्टफर्ड शहरातल्या वीज कंपनीनं आणखी एक शक्कल लढवली. गाडी घ्या बॅटरीशिवाय, आणि बॅटरी आमच्याकडून भाड्यानं. संपली की बदलून घ्या, पैसे धावलेल्या मैलांवर. मुख्यतः मालवाहू गाड्यांसाठी चाललेली ही सेवा १९१०च्या दशकात आणि पुढेही काही वर्षं टिकली आणि गाड्या एकूण साठ लाख मैलांवर धावल्या. या योजनेतला खरा मुद्दा असा, की बॅटरी खराब व्हायची जोखीम गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून कंपनीच्या डोक्यावर गेली. हा मुद्दा लक्षात ठेवा, वॉरंटीचा विषय येईल तेव्हा लागणार आहे.

पुढं पेट्रोल स्वस्त झालं, इंजिनाला सेल्फ-स्टार्टर आला, आणि विजेची गाडी मागं पडली.

जेव्हा दावा तपासायची सोयच नव्हती

आता आपल्याकडे येऊ. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ साली चेतक बाहेर पडली. त्या जमान्यात स्कूटर 'घेत' नसत, 'नंबर लावत' असत. काहींना आठ-दहा वर्षं थांबावं लागे. परकीय चलनात पैसे भरले तर लवकर मिळे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांना पत्रं जायची. नंबर लागलेली स्कूटर जास्त दरानं विकणारेही होते.

अशा बाजारात मायलेज किती, दर्जा कसा, हे विचारायला जीभ कशी उचलणार? मिळाली हेच नशीब. इतिहास हेच सांगतो, की टंचाईत गिऱ्हाईक परीक्षा घेत नाही, उलट ते स्वतःच परीक्षेला बसतं.

पण याच काळात याच्या विरुद्धचं कामही सुरू झालं, आणि तेही महाराष्ट्रात. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. वजन-माप, भाव, दर्जा यांवर संघटितपणे बोलायची सवय या मंडळींनी लावली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला तो या सगळ्या चळवळीच्या पाठबळावर. तोपर्यंत 'जाहिरातीत लिहिलं होतं तसं निघालं नाही' ही तक्रार घेऊन सामान्य माणूस जाणार कुठं, हाच प्रश्न होता.

'कितना देती है'च्या आधी

१९८०च्या दशकात बाजार उघडायला लागला. कायनेटिक होंडा आली, गिअर नसलेली, बटणावर सुरू होणारी. आणि १९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १००. तिची जाहिरात अनेकांना आठवत असेल, टाकी भरा, बंद करा, विसरून जा. एका लिटरला ८० किलोमीटर हा आकडा तेव्हा घराघरात पोचला. तेलाच्या दोन मोठ्या संकटांतून गेलेल्या पिढीला तो आकडा म्हणजे चमत्कार वाटला. भारतीय गिऱ्हाइकाच्या तोंडी 'मायलेज' हा शब्द कायमचा बसला तो या सुमाराला.

आता एक साधा प्रश्न. ऐंशी किलोमीटर कुठल्या रस्त्यावर? कुणी चालवली? किती वेगानं? कंपन्यांनी आपापल्या सोयीनं मोजलं तर तुलना कशी करणार? म्हणून सगळ्यांसाठी एकच परीक्षा हवी. ही परीक्षा जिथं घडली ती जागा पुणेकरांना पाठ आहे. कोथरूडची ती टेकडी, जिला लोक एआरएआय टेकडीच म्हणतात. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ची. 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल', म्हणजे आयडीसी, ही आपल्या शहरी वाहतुकीवर बेतलेली चाचणी १९८०च्या दशकात आकाराला आली.

तिचे आकडे ऐका, कारण आजच्या इलेक्ट्रिक स्कूटरचं सगळं कोडं इथं आहे. एक फेरा १०८ सेकंदांचा. त्यात गाडी कधी थांबते, कधी वेग घेते, कधी कमी करते. जास्तीत जास्त वेग ताशी ४२ किलोमीटर. सरासरी वेग ताशी जेमतेम २२ किलोमीटर. एका फेऱ्यात अंतर साधारण ६६० मीटर. असे फेरे पुन्हा पुन्हा, रस्त्यावर नव्हे तर प्रयोगशाळेत, फिरत्या रोलरवर.

त्या काळच्या शहराचं हे चित्र बऱ्यापैकी खरं होतं. पण आज? पेट्रोलच्या दुचाक्यांसाठी आपण पुढं जागतिक पद्धतीची चाचणी स्वीकारली. इलेक्ट्रिक स्कूटरच्या जाहिरातीतली रेंज मात्र अजून याच जुन्या आयडीसीवर मोजलेली असते. त्या चाचणीत सिंहगड रोडचा उड्डाणपूल चढायचा नसतो. मागं कुणी बसलेलं नसतं. खड्डे नाहीत, समोरून वारा नाही. आणि मुख्य म्हणजे ४२च्या वर वेग नाही.

वेगाचं गणित सोपं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४२ ऐवजी ६०नं गेलात तर हवा तुम्हाला दुप्पट जोरानं मागं ढकलते. म्हणून 'इको मोडमध्ये दीडशे' खरं असतं आणि महामार्गावर नव्वद हेही खरं असतं. दाखल्यावरचा शिक्का खोटा नाही, पण तो परीक्षेचा निकाल आहे, आश्वासन नव्हे. 'एआरएआय प्रमाणित' याचा अर्थ 'या विशिष्ट परीक्षेत इतके मार्क', एवढाच.

शिशाच्या बॅटरीचा फुगा

२००६नंतर आपल्याकडे इलेक्ट्रिक दुचाक्यांची पहिली लाट आली. आठवत असेल, गल्लीगल्लीत नव्या नव्या नावांच्या, हलक्या, बिनआवाजाच्या स्कूटर दिसायला लागल्या. बऱ्याचशा चीनमधून आणलेल्या भागांवर जोडलेल्या. लायसन्स नको, नोंदणी नको. नियम असा आहे, की मोटरची ताकद २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५च्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर ती 'मोटार वाहन' धरत नाहीत.

यातल्या अनेकांत ४८ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी असे. दोन्ही आकडे गुणा. ९६० वॅट-अवर. म्हणजे आपल्या लाइट बिलातलं पुरतं एक युनिटसुद्धा नाही. त्यात शिशाच्या बॅटरीची खोड अशी, की ती रोज तळापर्यंत रिकामी केली की लवकर मरते. जाहिरातीतलं अंतर नव्या बॅटरीचं. वर्षभरानं ते घटू लागलं की लोक दुकानात जायचे, आणि काही ठिकाणी दुकानच नसायचं.

नोव्हेंबर २०१०मध्ये नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं अनुदान सुरू केलं. ते मार्च २०१२मध्ये संपलं आणि विक्री कोसळली. कित्येक ब्रँड दिसेनासे झाले. ज्यांच्याकडे गाड्या होत्या त्यांच्याकडे वॉरंटीचा कागद होता, पण तो घेऊन जायचं कुणाकडे? या लाटेचा धडा असा, की वॉरंटीचं आयुष्य कंपनीच्या आयुष्यापेक्षा जास्त असू शकत नाही.

लिथियम, अनुदान आणि आग

पुढची लाट लिथियमची. २०१५मध्ये 'फेम' योजना आली, १ एप्रिल २०१९पासून तिचा दुसरा टप्पा. दुसऱ्या टप्प्यात अनुदान बॅटरीच्या युनिटांवर बांधलं गेलं आणि किमान रेंज, किमान वेग अशा अटी आल्या. शिशाच्या बॅटरीला त्यात जागा नव्हती. जून २०२१मध्ये दर युनिटमागे १५,००० रुपये झाले आणि विक्रीनं उसळी घेतली. चाकणमध्ये बनलेली इलेक्ट्रिक चेतक २०२०च्या जानेवारीत आली होती, तीही आधी पुण्यात आणि बंगळुरूत. जुनं नाव, नवा जमाना.

पण जिथं अनुदान, तिथं हिशेबाच्या पळवाटा. ठरावीक किमतीच्या आत बसण्यासाठी काही उत्पादकांनी चार्जरचे पैसे वेगळे लावले. म्हणजे फलकावर किंमत कमी आणि बिलावर जास्त. बरं, चार्जरशिवाय ही स्कूटर घेऊन माणूस करणार काय? सरकारनं चौकशी केली आणि २०२३ साली काही मोठ्या कंपन्यांना चार्जरचे पैसे ग्राहकांना परत करण्याचं मान्य करावं लागलं. त्याच वर्षी १ जूनपासून अनुदान घटवून युनिटमागे १०,००० केलं गेलं, किमतीच्या जास्तीत जास्त १५ टक्के. ऑक्टोबर २०२४च्या पीएम ई-ड्राइव्हमध्ये ते सुरुवातीला ५,००० होतं. थोडक्यात, अनुदानाच्या आधारावर ठरवलेली किंमत कायमची नसते.

आणि मग २०२२चा उन्हाळा. मार्चच्या अखेरीस पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली एक स्कूटर पेटली आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. पाठोपाठ तमिळनाडूतून, आणखी ठिकाणांहून बातम्या आल्या. काही माणसं जिवाला मुकली. तोवर गिऱ्हाईक फक्त 'किती किलोमीटर' विचारत होतं. आता पहिल्यांदा त्यानं विचारलं, आत नक्की काय आहे?

सरकारनं तज्ज्ञ समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षेचं मानक, एआयएस-१५६, कडक केलं. पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२पासून, दुसरा ३१ मार्च २०२३पासून. सेलची तपासणी, बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा, आत पाणी शिरू नये याची चाचणी, एका सेलची आग दुसरीकडे पसरू नये याची व्यवस्था, असे मुद्दे त्यात आले. म्हणून वापरलेली किंवा जुन्या साठ्यातली स्वस्त स्कूटर घेताना तिच्या उत्पादनाची तारीख बघणं फार महत्त्वाचं. मार्च २०२३च्या आधीची की नंतरची, हा केवळ मॉडेलचा फरक नाही.

मग आज काय बघायचं?

इतिहास सांगून झाला, आता त्याचा उपयोग करू.

रेंजपासून सुरुवात. जाहिरातीतलं अंतर बाजूला ठेवा आणि बॅटरी किती युनिटांची ते विचारा. आकडा किलोवॅट-अवरमध्ये सांगतील, तेच युनिट. एक उदाहरण घेऊ. २०२२मध्ये एथर कंपनीनं आपल्या ४५०एक्सचे दोन आकडे सांगितले, प्रमाणित रेंज १४६ किलोमीटर आणि रस्त्यावरची १०५. बॅटरी ३.७ युनिटांची. भागाकार करा. परीक्षेत एका युनिटला ३९ किलोमीटर, रस्त्यावर २८. शहरी वेगाच्या बहुतेक स्कूटरना हा ठोकताळा लागू पडतो. एका युनिटला २५ ते ३० धरा. डबलसीट असाल, चढ असेल, तर २५. कुणी दोन युनिटांच्या बॅटरीवर दीडशे किलोमीटर सांगत असेल, तर हसून चहा घ्या आणि पुढच्या दुकानात जा.

मोटरचं. 'पीक पॉवर' म्हणजे काही सेकंदांची उडी. सतत किती ताकद देते तो आकडा वेगळा आणि लहान असतो. तोच मागा. आणि 'पंचवीसची गाडी आहे, वायर काढली की पंचेचाळीस जाते' असं कुणी कानात सांगितलं तर तिथूनच परत फिरा. तशी बदललेली गाडी कायद्यानं मोटार वाहन ठरते. तिला नोंदणी नाही, विमा नाही. २०२२मध्ये आपल्या राज्याच्या परिवहन खात्यानं अशा गाड्यांविरुद्ध मोहीम काढली होती. अपघात झाला तर नुकसानभरपाई मालकाच्या खिशातून जाते.

पाण्याचं. 'आयपी ६७' म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते. पण हे बॅटरीसाठी आहे, मोटरसाठी आहे की चार्जिंगच्या तोंडासाठी, ते विचारा. शिवाय ही चाचणी नव्या भागाची असते. पाच पावसाळे काढलेल्या रबरी सीलची नव्हे.

वॉरंटीचं. आठ वर्षं हे वाचू नका, अटी वाचा. किती किलोमीटरपर्यंत? बॅटरी किती टक्क्यांच्या खाली उतरली तर बदलून देणार? ही रेघ बहुधा ७० टक्क्यांवर असते. म्हणजे शंभर किलोमीटरची स्कूटर बहात्तरवर आली तर तुमच्या लेखी ती म्हातारी, कंपनीच्या लेखी ठणठणीत. बदलून मिळणारी बॅटरी नवी की दुरुस्त केलेली? वाढीव वॉरंटीचे पैसे किमतीत धरलेत की वेगळे? हार्टफर्डची गोष्ट आठवा, जोखीम नेमकी कुणाच्या डोक्यावर आहे, हे शोधायचं.

खर्चाचं. तीन युनिटांची बॅटरी भरायला थोडी वीज वाया जाते, म्हणून साडेतीन युनिटं धरा. युनिटला १० रुपये धरले तर ३५ रुपये. त्यात ८५-९० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला ४० पैसे. लिटरला १०० रुपये आणि ४५चं मायलेज धरलं तर पेट्रोलला सव्वादोन रुपये. बचत आहे, भरपूर आहे. पण वॉरंटीनंतर नवी बॅटरी आजच्या भावानं कितीला पडते, ते लेखी विचारा आणि त्या बचतीतून वजा करा. रोज पन्नास किलोमीटर फिरणाऱ्याला सौदा फायद्याचा पडतो. रोज आठ किलोमीटर फिरणाऱ्यानं कागद-पेन घेऊन बसावं.

आणि शेवटचं, जे कुठल्याच जाहिरातीत नसतं. आधी सर्व्हिस सेंटरला जा, मग शोरूमला. तिथं किती गाड्या उभ्या आहेत, किती दिवस झाले, हे तिथं थांबलेल्या मालकांना विचारा. ते मनापासून सांगतात, आपल्या लोकांना गाडीबद्दल बोलायला आवडतंच. चाचणीसाठी गाडी घ्याल तेव्हा चार्ज किती टक्के होता आणि परत आल्यावर किती उरला, ते टिपून ठेवा. जमलं तर डबलसीट, तुमच्या रोजच्या चढावर.

चांदणीचं काय?

ती मुंगीची अक्षरं आता कायद्याच्या नजरेत आली आहेत. २०१९चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२०मध्ये लागू झाला. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ते १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर स्पष्ट म्हटलंय, की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच अक्षरात हवा, आणि मूळ दावा खोडून काढणारा नको. म्हणजे वर मराठीत दीडशे आणि खाली इंग्रजीत 'अटी लागू', हे चालत नाही.

म्हणून माहितीपत्रक जपून ठेवा, जाहिरातीचा फोटो काढा, विक्रेता तोंडी जे सांगतो ते व्हॉट्सॲपवर लिहून मागा. फसगत झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. वकील लावायलाच हवा असं नाही.

एकेकाळी आपल्या आईवडिलांनी स्कूटरसाठी दहा वर्षं वाट पाहिली, तेव्हा विचारायचा हक्कच नव्हता. आज दुकानदार आपल्याला फोन करून बोलावतो. बाजार बदललाय, आपला संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाही. 'इतके प्रश्न विचारले तर काय म्हणतील?' काही म्हणत नाहीत हो. ज्याच्या मालात दम आहे तो उत्तर देतो, आणि जो वैतागतो त्याचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालेलं असतं.

तुमच्या स्कूटरचा हिशेब, म्हणजे बॅटरी किती युनिटांची आणि रस्त्यावर किती किलोमीटर मिळतात, जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर, सांभाळून चालवा.